प्रिंटर स्वस्त, शाई महाग: हे गणित आलं कुठून?

घरी छोटा प्रिंटर घ्यायचाय आणि बजेट कमी आहे, असे मेसेज बरेच जण करतात. मॉडेल सांगण्याआधी आज थोडा इतिहास सांगतो, कारण दुकानातला तो स्वस्त डबा स्वस्त का आहे, याचं उत्तर चाळीसेक वर्षं मागे आहे.

१९७७. जपानमध्ये कॅननचे इंजिनिअर इचिरो एंडो प्रयोगशाळेत काम करत होते. गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाईचा थेंब उडाला! उष्णतेने शाईत बुडबुडा तयार होतो आणि तोच थेंबाला बाहेर ढकलतो. याचंच पुढे 'बबल जेट' झालं. गंमत म्हणजे साधारण त्याच सुमारास अमेरिकेत एचपीचे जॉन व्हॉट त्याच कल्पनेपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले होते. त्यांच्या डोक्यात होती कॉफी उकळण्याची किटली.

१९८४ मध्ये एचपीने 'थिंकजेट' आणला. किंमत ४९५ डॉलर, शाई उडवायला फक्त १२ छिद्रं. कागदही खास लागायचा. पण डॉट मॅट्रिक्सच्या करकराटापुढे हा अगदी शांत.

आता खरा मुद्दा. शाई वारंवार तापली की हीटरवर जळका थर बसतो, बारीक छिद्रं तुंबतात. एचपीने यावर काढलेला तोडगा मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो: हेड दुरुस्तच करायचं नाही! ते शाईच्या कार्ट्रिजमध्येच बसवायचं, शाई संपली की दोन्ही फेकायचं. तांत्रिक अडचण सुटली, पण प्रिंटरचा सगळ्यात नाजूक भाग आता 'पुन्हा पुन्हा विकायची वस्तू' झाला. १९८८ च्या डेस्कजेटची किंमत ९९५ डॉलर होती. नव्वदच्या दशकात प्रिंटरच्या किमती धडाधड उतरल्या आणि कमाई शाईकडे सरकली. १९९० मध्ये कॅननने बीजे-१० मालिकेत जाड वहीएवढा प्रिंटर काढला. आजच्या कॉम्पॅक्ट प्रिंटरचा हा आजोबाच म्हणा.

एप्सनची वाट वेगळी. तिथे उष्णता नाही. विजेने वाकणारा पिएझो स्फटिक शाई ढकलतो, म्हणून हेड टिकतं आणि प्रिंटरमध्येच राहतं. मग लोकांनी काय केलं? कार्ट्रिजला नळ्या जोडून बाहेर शाईच्या बाटल्या लावल्या! इंडोनेशियात हा जुगाड इतका चालला, की ऑक्टोबर २०१० मध्ये एप्सनने स्वतःच तिथे टाकीवाला एल१०० विकायला काढला. प्रिंटर महाग, शाई स्वस्त. म्हणजे आधीचं गणित बरोब्बर उलटं. पुढे कॅनन आणि एचपीनेही टाकीवाले प्रिंटर आणले.

पण कार्ट्रिजचा धंदा काही संपला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांच्या कार्ट्रिज अचानक नाकारल्या. कारण? फर्मवेअर. आम्ही सॉफ्टवेअरवाले असलं काही वाचलं की जरा खाली बघतो.

तर तुम्ही काय घ्यायचं? डब्यावरची किंमत बाजूला ठेवा. कार्ट्रिजची किंमत भागिले तिची पानांची क्षमता, एवढा भागाकार मोबाईलवर करा. ही क्षमता मोजायला आयएसओची ठरलेली पद्धत आहे, त्यामुळे निदान कंपन्यांची तुलना तरी करता येते. भावंडांचे प्रोजेक्ट, नोट्स, फॉर्म असं महिन्याला शंभरेक पानं निघत असतील तर टाकीवाला घ्या, जास्तीचे पैसे शाईत वसूल होतील. मात्र बहुतेक टाकीवाल्यांत हेड कायमचं असतं. ते वाळलं तर खर्च मोठा, म्हणून आठवड्याला एखादं रंगीत पान काढाच.

प्रिंट क्वचितच लागते? मग कार्ट्रिजवाला छोटा प्रिंटर बरा, कारण नवी कार्ट्रिज म्हणजे बहुतेकदा नवं हेड. आणि महिन्याला जेमतेम पाच-दहा पानं असतील, तर खरं सांगू? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांना फाईल व्हॉट्सअ‍ॅप करा.

पुढच्या भागात लेझर प्रिंटर. तोवर, भेटूच!