जादूचा कंदील आणि आजचा जादूगार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या वेळी वक्त्याजवळ काय साहित्य असे? स्वतःचा आवाज, चार टिपणे आणि पाण्याचा पेला. आज आपल्या आर्वीसारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा वक्त्याच्या पाठीमागे पडदा लागतो. त्यावर एकामागून एक स्लाइडी येतात, वक्ता त्या वाचतो आणि श्रोतेही त्याच वाचतात. आता तर त्या स्लाइडी वक्त्याने स्वतः तयार केलेल्या असतीलच असेही नाही. संगणकाला एक वाक्य सांगावे, आणि त्याने मथळे, मुद्दे व चित्रे यांसह सारे भाषण मांडून द्यावे, असा काळ आला आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे, आणि जिनाच्या फाटकाबाहेर व गावच्या वाचनालयात अधिक झाले. कामगारांच्या सभा घेण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा चार लोकांना एखादी गोष्ट कशी समजावून सांगावी, हा माझ्या धंद्याचाच प्रश्न आहे. म्हणून आज मी स्लाइडीचा इतिहास सांगणार आहे.

या इतिहासाचा आरंभ फार जुना आहे. ख्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५९ च्या सुमारास जादूचा कंदील बनविला. बंद पेटीत दिवा, त्याच्या पुढे रंगविलेली काच आणि तिच्या पुढे भिंग, एवढीच त्याची रचना. काच उलटी घालावी लागे, तेव्हा पडद्यावर चित्र सुलटे दिसे. पुढे याच यंत्राने युरोपात भुतेखेते दाखविली गेली आणि शास्त्राची व्याख्यानेही झाली. आपल्या देशात मिशनऱ्यांनी ते धर्मप्रसारासाठी वापरले, तर सरकारी आरोग्यखात्यांनी साथीच्या रोगांची माहिती देण्यासाठी.

परंतु आपल्या महाराष्ट्राने या कंदिलाला जे रूप दिले ते आपण विसरू नये. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास या कंदिलाचे खेळ सुरू केले आणि त्यांना नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा आपल्या पुराणांतील मायावी असुर, आणि शांबरी म्हणजे माया. इंग्रजी नावातील जादू पटवर्धनांनी आपल्या भाषेत अशी आणून बसविली. त्यांच्या घरात काचेवर हाताने चित्रे काढीत. रामायण-महाभारतातील प्रसंग असत, तशीच सर्कशीची दृश्येही असत. एकाहून अधिक कंदील एकाच पडद्यावर रोखून, एक चित्र मावळत असताना दुसरे उगवावे अशी योजना करून, ते स्थिर चित्रांत हालचालीचा भास उत्पन्न करीत. लुमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविण्यात आली. पटवर्धनांचा खेळ त्याच्याही आधीचा.

या खेळात दोन गोष्टी होत्या, आणि माझ्या साऱ्या व्याख्यानाचे सूत्र त्यांतच आहे. एक म्हणजे, प्रत्येक काचेमागे कोणाचे तरी हात होते. सीतेच्या लुगड्याचा रंग कोणता, हे रंगविणाऱ्यालाच ठरवावे लागे. दुसरी गोष्ट अशी की, चित्र मुके होते. कथा सांगायला पडद्याच्या बाजूस जिवंत माणूस उभा राही. त्याचे काही चुकले तर प्रेक्षक त्याला तेथल्या तेथे टोकू शकत. चित्राचा जबाब देणारा माणूस समोर असे.

दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी त्यांनी पुष्कळ धंदे केले, त्यांत जादूचे प्रयोगही होते. ‘फाळके’ हे नाव उलटे करून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने रंगमंचावर येत. हा जादूगार पुढे इतका मोकळ्या मनाचा निघाला की, १९१७ साली त्याने चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा चित्रपटच काढला. आपली हातचलाखी लोकांपुढे उघडी करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. मीही आज फाळक्यांचेच अनुकरण करणार आहे.

कंदिलाच्या काचा मागे पडल्या, छायाचित्राच्या लहान फिल्मी आल्या. मग कचेऱ्यांतून पारदर्शक कागद वापरात आले. त्यावर लिहायचे आणि यंत्राखाली दिवा लावून ते भिंतीवर पाडायचे. अमेरिकेत रॉबर्ट गास्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि त्यांच्या सोबत्यांनी असे कागद संगणकावर तयार करण्याचे एक साधन रचले. त्याचे पहिले नाव ‘प्रेझेंटर’ असे होते. बाजारात ते एप्रिल १९८७ मध्ये ‘पॉवरपॉइंट’ या नावाने आले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते एक कोटी चाळीस लाख डॉलरांना विकत घेतले.

लवकरच एक गंमतीची अडचण उद्भवली. साधन उघडले की कोरी पाटी पुढे येई, आणि पुष्कळांना काय लिहावे तेच सुचेना! त्यावर तोड म्हणून १९९४ च्या आवृत्तीत ‘ऑटोकंटेंट विझार्ड’ घालण्यात आला. विझार्ड म्हणजे जादूगार. पाहा, आपला शंबरासुर शंभर वर्षांनी पुन्हा हजर झाला! हा जादूगार विचारी: तुमच्या भाषणाचा प्रकार कोणता? आपण उत्तर निवडले की तो तयार सांगाडा पुढे ठेवी: पहिल्या स्लाइडीवर हे, दुसरीवर ते. ‘आपोआप मजकूर’ अशा अर्थाचे हे नाव कोणीतरी प्रथम थट्टेने सुचविले होते, पण तेच कायम झाले. २००७ च्या आवृत्तीत हा जादूगार काढून टाकण्यात आला.

त्या सांगाड्यांपैकी एकाचे नाव होते ‘वाईट बातमी सांगणे’. ते प्रथम वाचले तेव्हा मी हातातला कागद खाली ठेवला. कामगार चळवळीत वाईट बातमी म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पाळी बंद, कपात, टाळेबंदी. आमच्याकडे ही बातमी फाटकावरील नोटिशीने येई. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात कलम ९-अ होते. त्याप्रमाणे कामाच्या ठरावीक अटी बदलावयाच्या तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागे. त्या रूक्ष कागदावर तारीख असे, सही असे. सही करणारा कोण हे कळे आणि त्याला भेटून भांडता येई. सांगाड्यातून निघालेल्या बातमीवर सही कोणाची? सांगणारा म्हणतो, ‘स्लाइडीत आहे तसे आहे.’

कोणी म्हणेल, हा कामगार पुढाऱ्याचा पूर्वग्रह झाला. म्हणून दुसरे उदाहरण घेतो, ज्यात मालक-मजूर हा प्रश्नच नाही.

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान उडाले. त्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या टाकीवरील फेसाचा एक तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान आकाशात फिरत असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा विचार केला आणि आपले म्हणणे स्लाइडींच्या रूपाने वरिष्ठांपुढे मांडले. त्यांतील एका स्लाइडीचा मथळा धीर देणारा होता. खाली मुद्दे, मुद्द्यांखाली पोटमुद्दे, त्यांखाली आणखी पोटमुद्दे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट लिहिली होती: पूर्वीचे प्रयोग तीन घन इंचांच्या तुकड्यावर केलेले होते आणि प्रत्यक्ष तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट मोठा! तीन घन इंचांच्या अनुभवावरून १,९२० घन इंचांबद्दल काय सांगता येणार? पण मथळा वाचणाऱ्याला ते जाणवले नाही. १ फेब्रुवारीला यान परत येताना फुटले आणि सातही जणांचा अंत झाला. चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात या स्लाइडीचा उल्लेख केला, आणि तपशीलवार लेखी टिपणांऐवजी स्लाइडींवर विसंबण्याची पद्धत दोषास्पद ठरविली. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्या एका स्लाइडीचे ओळ न् ओळ परीक्षण केले आहे.

एका स्लाइडीमुळे यान पडले असे मी म्हणत नाही. पंखाला मार लागला होता, हे मूळ कारण. परंतु जी ओळ सर्वांत वर असावयास हवी होती ती सर्वांत खाली गेली, आणि चौकट इतकी नीटनेटकी होती की, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

आता आजच्या जादूगाराकडे येऊ. १९९४ चा विझार्ड सांगाडा देई, मांस आपण भरावे लागे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि २०२३ पासून मायक्रोसॉफ्टचा ‘कोपायलट’ व इतरांचे असेच सहायक स्लाइडी करू लागले. ते मांसही भरतात. हे घडते कसे? या यंत्राला अपार मजकूर वाचावयास दिलेला असतो. कोणत्या शब्दामागून बहुधा कोणता शब्द येतो, हे ते त्यातून शिकते. आपण विषय सांगितला की, त्या विषयावर बहुधा जे लिहिले जाते ते जुळवून देते आणि चौकटीत बसविते. यात भूतपिशाच्च काही नाही. ‘बहुधा’ या शब्दातच त्याची शक्ती आहे आणि दोषही तेथेच आहे.

हा दोष मी सभेत अनुभवला. दोन वर्षांपूर्वी आम्ही जिनातील कामगारांसाठी ग्रॅच्युइटीवर सभा घेतली. आमच्या युनियनमधल्या एका तरुणाने स्लाइडी यंत्राकडून करून घेतल्या. दहा मिनिटांत काम झाले. रंग सुरेख, भाषा शुद्ध. पडद्यावर अक्षरे उमटली: ‘प्रत्येक वर्षाच्या सेवेबद्दल पंधरा दिवसांचे वेतन.’ लोकांनी टाळ्या वाजविल्या. तेव्हा मागे बसलेली एक वयस्क बाई उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, आमी तं हंगामाचे मानसं. आमचा हिसाब कोठी हाय याच्यात?”

तो हिशेब तेथे नव्हता. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हंगामी कारखान्यांपुरता वेगळा नियम होता: जे वर्षभर कामावर नसतात त्यांना दर हंगामामागे सात दिवसांचे वेतन. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो तसाच ठेवला आहे. हिशेबाच्या सोयीसाठी रोज ४०० रुपये धरा आणि दहा हंगाम धरा. पडद्यावरच्या नियमाने ६०,००० रुपये होतात; हंगामी माणसाचे होतात २८,०००. बत्तीस हजारांची खोटी आशा आम्ही त्या बाईच्या पदरात घालणार होतो. शिवाय तोच आकडा घेऊन आम्ही वाटाघाटीस बसलो असतो, तर समोरच्यांनी पहिल्याच दिवशी आमचे हसे केले असते.

यंत्र खोटे बोलले काय? नाही. त्याने सर्वसाधारण नियम सांगितला, कारण जगात तोच अधिक लिहिला जातो. पण आर्वीच्या जिनातला कामगार हा सर्वसाधारण नाही, तो अपवादात मोडतो. कापूस आला की काम, कापूस संपला की घर. अपवाद हाच त्याचा नियम. त्या पोराला मी बोल लावला नाही. चूक माझी होती. मी न वाचता ती स्लाइड लोकांपुढे जाऊ दिली.

त्यानंतर आम्ही तीन संध्याकाळी त्या बाईसह आठ-दहा जणांना घेऊन बसलो. कोण किती हंगाम राहिला, प्रत्येक हंगामात जिन किती दिवस चालले आणि त्यांपैकी किती दिवस तो कामावर होता, हे लिहून काढले. कारण जिन चालू असलेल्या दिवसांपैकी किमान तीन चतुर्थांश दिवस भरले असतील तरच तो हंगाम सलग सेवेत धरला जातो. मग सहा स्लाइडी केल्या. अक्षरे मोठी करणे, रकाने आखणे हे काम पुन्हा त्या यंत्राकडूनच करून घेतले, आणि ते त्याने उत्तम केले. सात दिवसांचा नियम मात्र पहिल्या स्लाइडीवर, सर्वांत वर घातला. त्या सभेत टाळ्या कमी पडल्या. प्रश्न मात्र रात्री दहापर्यंत चालले.

यंत्र मोडावे असे मी सांगत नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलपासून आमच्या जिनापर्यंत, यंत्राशी भांडून मजुराचे भले झाल्याचे मला आढळले नाही. यंत्र कोणाच्या हिशेबाने चालावे, यावर भांडूनच जे काही मिळाले ते मिळाले. जो तरुण पूर्वी इंग्रजीच्या भीतीने कचेरीत तोंड उघडीत नसे, तो आज यंत्राच्या साहाय्याने आपले म्हणणे नीट मांडू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे.

पण पडदा समोर आला की तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. हे कोणी ठरविले? यात माझा हिशेब कोठे आहे? आणि चुकले तर जबाब कोण देणार? शाळेतल्या मुलाने ते मास्तरांना विचारावेत, खातेदाराने बँकेत विचारावेत, सभासदाने आपल्या युनियनच्या पुढाऱ्यालाही विचारावेत. पटवर्धनांच्या खेळात कंदिलाशेजारी एक माणूस उभा असे. आजच्या पडद्याशेजारची ती जागा रिकामी पडू नये, एवढेच माझे मागणे आहे.

आज मी पडदा लावला नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. माझे काही चुकले असेल तर मी येथे समोर उभा आहे, अवश्य विचारा.