सृष्टिकथेतील ख्रिस्तसूचना

बायबलच्या ‘उत्पत्ती’ ग्रंथातील सृष्टिकथेत येशू ख्रिस्ताच्या पूर्वखुणा पाहणारी ख्रिस्ती अर्थपद्धती. तिचा पाया नव्या करारात आहे : पौलाच्या रोमकरांस पत्रात (५:१४) आदाम हा पुढे येणाऱ्याचे प्रतिरूप ठरतो. दुसऱ्या शतकात आयरेनियसने हव्वेच्या अवज्ञेसमोर मरियेचे आज्ञापालन ठेवले. ऑगस्टीनने निद्रिस्त आदामाच्या फासळीपासून घडलेल्या हव्वेत चर्चचे रूप पाहिले. क्रुसावरील ख्रिस्ताच्या कुशीतून वाहिलेले रक्त व पाणी (योहान १९:३४) हा त्यातला दुवा. स्त्रीची संतती सर्पाचे डोके फोडील, हे वचन (उत्पत्ती ३:१५) तारणाची पहिली वार्ता मानले जाते. यहुदी परंपरा मात्र ते असे वाचत नाही.

मराठीत या दृष्टीचा सर्वांत समर्थ आविष्कार म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे ख्रिस्तपुराण (रायतूर, गोवा, १६१६). साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी रचलेला आणि रोमन लिपीत छापलेला हा ग्रंथ सुमारे ११,००० ओव्यांचा आहे. त्यातील ‘पैलें पुराण’ सृष्टी व आदामाच्या पतनापासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंत येते, ‘दुसरें पुराण’ ख्रिस्तचरित्र सांगते. त्यामुळे जुना करार येथे ख्रिस्तकथेची पूर्वपीठिका म्हणूनच उभा राहतो. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणणारी ही ओवी पुराणश्रवणाची सवय असलेल्या कानांना ओळखीची होती. (पहा : ओवी, ख्रिस्तपुराण, स्टीफन्स, थॉमस).