मुक्काम, मुंबई–पुणे मार्गावरील
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान परळ येथे होते. तेथून पुण्यास जाताना मुक्काम केवळ अंतरावरून नव्हे, तर भरती-ओहोटी, पाणी व घाटाची चढण यांवरून ठरवावे लागत. पनवेलपर्यंतचा जलप्रवास भरतीवर अवलंबून असे. पुढे घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणीसांनी (१७४२–१८००) बांधविलेल्या तलावामुळे माणसांची व जनावरांची सोय होई. चढणीनंतर खंडाळा हा विसावा असे. बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता व १८६३ मध्ये लोहमार्ग खुला झाला. त्यानंतर हा प्रवास एका दिवसात होऊ लागला. परिणामी या मुक्कामांचे महत्त्व आणि त्यांवर उपजीविका करणाऱ्या भोयांचा व्यवसाय ओसरला.