पाचवीच्या आधीची दोन वर्षे

2004 च्या जूनमध्ये मी पाचवीत आले तेव्हा तुम्ही विचारले होते, "आधी कुठल्या शाळेत होतीस?" मी म्हणाले, "गावाकडच्या." ते खोटे होते. आज स्मरणिकेच्या निमित्ताने खरे काय ते लिहिते, कारण तो आपल्या सोलापूरचाही इतिहास आहे.

आमची अम्मा घरी विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर. ती पाने कापून वळायची, मी तोंडे मिटून दोरा बांधायचे. 1986 च्या कायद्याने विडीकामावर मुले ठेवायला बंदी केली, पण घरच्यांसोबत घरात केलेले काम त्यातून वगळले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाकडून मुलामागे 20,000 रुपये घ्यायला सांगितले. पण आमच्या घरात मालक कोण? मग आमच्या शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हायचा.

राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प 1988 चा. पैसा केंद्रीय श्रम मंत्रालयाचा. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या संस्थेमार्फत तो यायचा. एका विशेष शाळेत साधारण 50 मुले. मी तिथे 2002 ते 2004 शिकले. तेव्हा शिकवणाऱ्या बाईंचे मानधन महिना 1500 रुपये, प्रत्येकाच्या खाण्याला दिवसाला 5 रुपये आणि मुलामागे महिना 100 रुपये विद्यावेतन. हे विद्यावेतन बचत खात्यात जमा व्हायचे. मूल नेहमीच्या शाळेत दाखल झाले की हातात यायचे.

अम्माचा हिशेब मात्र आठवड्याचा. मी शाळेत गेले की विड्या कमी भरायच्या आणि मजुरी लगेच घटायची. माझे 100 रुपये खात्यात होते, पण किराणा दुकानदार तोपर्यंत थोडाच थांबणार होता? ती तूट अम्माने रात्री जागून भरून काढली. माझ्या शाळेच्या खर्चात तिचाही वाटा होता; तो कुठल्या कागदावर नाही.

पाचवीत आल्यावर 2,400 रुपये आणि थोडे व्याज मिळाले. त्यात गणवेश, दप्तर आणि थोडी उधारी भागली. विद्यावेतन मात्र तिथेच संपले. सहावीत मी महिनाभर आले नाही, आठवते? तुम्हाला वाटले आजारी आहे. मी पुन्हा दोरा बांधत होते. आपल्या वर्गशिक्षिका घरी आल्या, अम्माच्या सुपासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अर्धा दिवस तरी पाठवा." अम्माने पूर्ण दिवस पाठवले.

पुढे 2017 मध्ये विद्यावेतन 400 रुपये झाले. 2021 पासून प्रकल्प समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. आपल्यापैकी काहीजण आज शिक्षक आहेत. वर्गात वयाने मोठे एखादे मूल नव्याने आले आणि मध्येच गैरहजर राहू लागले, तर बाईंसारखे एकदा त्याच्या घरी जाऊन या.