पाइप गॅसचं बिल कसं तपासायचं? युनिट, उष्मांक आणि एमएमबीटीयूचा सोपा हिशोब

तालुक्याच्या गावांत पाइपलाइनचा गॅस येऊ लागला, तशी बिलाची नवी भाषाही घरात आली. सिलिंडर किलोवर मिळायचा. पाइपचा गॅस घनमीटरवर मोजतात आणि काही बिलांवर एमएमबीटीयू हा शब्द दिसतो. त्यामुळे गॅस महाग पडला की स्वस्त, हेच अनेकांना कळत नाही.

दुधासारखंच आहे हे

डेअरीत दूध लिटरवर मोजतात, पण भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. गॅसचंही तसंच आहे. मीटर फक्त किती गॅस गेला ते सांगतो. स्वयंपाक होतो तो उष्णतेवर. एका घनमीटरमधून किती उष्णता मिळते, त्याला उष्मांक म्हणतात आणि तो किलोकॅलरीत मोजतात. नैसर्गिक वायूचा उष्मांक साधारण ९,००० ते १०,००० असतो. गोबरगॅसचा जवळपास निम्माच, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड बराच असतो.

एससीएम म्हणजे काय?

गॅस उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. म्हणून १५ अंश सेल्सिअस तापमान आणि हवेचा सामान्य दाब धरून जो घनमीटर मोजतात, तो स्टँडर्ड घनमीटर, म्हणजेच एससीएम. बोलताना लोक यालाच युनिट म्हणतात. मोठ्या ग्राहकांच्या मीटरला दाब आणि तापमानाचा फरक दुरुस्त करणारं यंत्र जोडलेलं असतं.

हिशोब असा करा

समजा, मागचं रीडिंग ४१२ आणि आताचं ४३६ आहे. वापर झाला २४ युनिट. बिलावर उष्मांक ९,४०० दिला आहे.

१) २४ × ९,४०० = २,२५,६०० किलोकॅलरी.
२) एक एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. म्हणून २,२५,६०० ÷ २,५२,००० = ०.८९५ एमएमबीटीयू.
३) विजेशी तुलना करायची तर ८६० ने भागा. उत्तर येतं सुमारे २६२ युनिट वीज.

दर एमएमबीटीयूवर असेल तर त्याला ०.८९५ ने गुणा. एससीएमवर असेल तर थेट २४ ने.

इथे चूक होते

अनेकजण एक एमएमबीटीयू म्हणजे २५.२ युनिट असं पाठ करून ठेवतात. ते उष्मांक १०,००० असेल तरच बरोबर. उष्मांक ९,४०० असेल तर २६.८ युनिट लागतात. फरक सहा टक्क्यांच्या वर जातो. घरच्या बिलात तो थोडा वाटेल, पण हॉटेल किंवा बेकरीवाल्याला महिन्याकाठी चांगलाच जाणवतो.

सिलिंडरशी तुलना

एलपीजीच्या एका किलोत साधारण ११,९०० किलोकॅलरी असतात. म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे १,६९,०००. वरच्या उष्मांकाने तेवढ्या उष्णतेला पाइपचे १८ युनिट लागतात. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरला २४ युनिट. म्हणून युनिटच्या दराला १८ ने गुणून सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा. एक किलो आणि एक युनिट यांची सरळ तुलना करू नका, फसाल.

बिल हातात आल्यावर हे बघा

– मीटरवरचे काळे आकडे पूर्ण युनिटचे, लाल आकडे दशांशाचे. लाल आकडे धरून रीडिंग वाचलं तर वापर हजारपट दिसतो.
– रीडिंग प्रत्यक्ष घेतलं की अंदाजाने टाकलं, ते बिलावर तपासा. अंदाजी असेल तर मीटरचा तारखेसह फोटो काढून तक्रार द्या.
– दर एससीएमचा आहे की एमएमबीटीयूचा, ते आधी वाचा.
– नैसर्गिक वायू जीएसटीत येत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो.
– भाडं, अनामत किंवा इतर आकार वेगळे मांडा. ते गॅसच्या दरात मिसळले तर तुलना चुकते.

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला रीडिंग वहीत लिहून ठेवलं, तर बिलावरून वाद झाल्यास तीच नोंद कामी येते.