जबाबदारी तिची, निर्णय त्याचा!

गर्भधारणा आणि लैंगिक संबंधांतून होणारे आजार या दोहोंपासून संरक्षण देणारे सर्वांत सोपे साधन म्हणजे कंडोम. मात्र त्याकडे पाहण्याची तरुण-तरुणींची दृष्टी एकसारखी नाही. मुलाला साधारणतः चिंता असते ती आजाराची, मुलीला गर्भ राहण्याची आणि त्याहूनही अधिक बदनामीची. औषधाच्या दुकानात तरुणाने पाकीट मागितले, तर दुकानदार ते कागदात गुंडाळून मुकाट्याने पुढे करतो. तेच तरुणीने मागितले, तर भोवतालच्या नजरा वळतात. तिने ते जवळ बाळगले, तर सोबत्यालाच तिच्या चारित्र्याची शंका येऊ शकते आणि वापराचा आग्रह धरला, तर 'विश्वास नाही का?' हा प्रश्न ठरलेला.

२०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ही तफावत आकड्यांत उतरली आहे. १५ ते ४९ वयोगटातील ३०.७ टक्के पुरुषांना एचआयव्हीविषयी सर्वंकष माहिती होती, स्त्रियांमध्ये हे प्रमाण २१.६ टक्केच होते. कंडोमच्या नियमित वापराने एचआयव्हीचा धोका घटतो, हे ८२ टक्के पुरुषांना ठाऊक होते, तर स्त्रियांपैकी ६८.४ टक्क्यांना. म्हणजे माहिती पुरुषाकडे अधिक. तरीही सुमारे ३५ टक्के पुरुषांच्या मते संततिनियमन हे बायकांचे काम आहे! प्रत्यक्ष वापरातही तेच चित्र आहे. विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, कंडोमचे ९.५ टक्के आणि पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के. घरातील थोरांचा हा कित्ता तरुणांपुढे असतो.

तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या भारतात २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागल्या. संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाच्या या गोळीमुळे मुलीला जोडीदाराची मनधरणी करावी लागत नाही, हे खरे. परंतु ती संसर्ग रोखत नाही, याचा विसर अनेकांना पडतो. स्त्रीच्या शरीररचनेमुळे पुरुषाकडून तिला संसर्ग होण्याची शक्यता अधिक असते. क्लॅमिडियासारखा आजार तर बहुतेक स्त्रियांमध्ये लक्षणे न दाखवताच वाढतो. उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा होऊन वंध्यत्व येऊ शकते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. केंद्र सरकारने स्वस्त 'निरोध' १९६८ मध्ये बाजारात आणला, तीन नगांना १५ पैसे. कर्व्यांच्या याच राज्यात २००७ मध्ये शाळांमधील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम मात्र सरकारने रोखला. वर्गात जे सांगितले गेले नाही, ते मुलांनी मित्रांकडून, चित्रफितींतून आणि पुढे मोबाइलवरून मिळवले. मुलींना तेवढीही मोकळीक नव्हती.

कायद्याची भाषा अलीकडे बदलली आहे. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्यास गर्भपाताचा आधार अविवाहित स्त्रीलाही मिळाला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताबाबत विवाहित-अविवाहित असा भेद अमान्य केला. मात्र ही तरतूद नको असलेला गर्भ राहिल्यानंतरची. त्याआधीच्या प्रश्नांसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांकरिता 'मैत्री क्लिनिक' आहेत, तर एचआयव्हीविषयक शंकांसाठी १०९७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. एचआयव्हीची चाचणी संमतीनेच व्हावी आणि निष्कर्ष गोपनीय राहावा, असे २०१७ चा कायदा सांगतो. अर्थात १८ वर्षांखालील मुला-मुलींच्या चाचणीस पालकांची संमती लागते आणि नेमके तेथेच मुलीचे पाऊल अडखळते.