पेव, पाणी आणि कंदकूज

सांगलीच्या हळदीचा इतिहास बहुधा व्यापाराच्या अंगाने लिहिला जातो: सौदे, अडते, पेठ आणि २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन. मला तो गड्डा कुजण्याच्या अंगाने पाहावासा वाटतो. ज्या कृष्णाकाठच्या मातीने हळद राखली, त्याच मातीत ती कुजलीही.

राखण्याची जागा म्हणजे पेव. ‘पेव फुटणे’ आपण सहज म्हणतो. पण कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपुरात पेव ही व्यापाराची तिजोरी होती. खोल खड्ड्यात शिजवून वाळवलेली हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत ओल नाही, हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. हळद वर्षानुवर्षे टिके.

शेतातल्या ओल्या गड्ड्याची गोष्ट उलटी. भर पावसाळ्यात पाने शेंड्याकडून आणि कडांनी पिवळी पडतात. बुंधा जमिनीलगत पाणचट होतो, झाड ओढताच हातात येते. खालचा गड्डा मऊ पडून घाण वास मारतो. सातारा-कोरेगावकडच्या आल्यालाही हीच कूज ग्रासते. शेतकऱ्याचा राग आधी कंदमाशीवर जातो. पण तिच्या अळ्या पुष्कळदा आधीच सडू लागलेल्या गड्ड्यात वाढतात.

मूळ कारणांतले प्रमुख नाव पिथियम. बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एडविन बटलर यांनी १९०७ साली या वर्गावर प्रबंध लिहिला. सुरतेकडच्या आल्याच्या कुजीची नोंदही त्यांचीच. बटलर मूळचे आयर्लंडचे. त्या देशात १८४५पासून बटाट्याच्या करप्याने भीषण दुष्काळ पडला होता. त्या करप्याचा कारक फायटोफ्थोरा हा पिथियमचा जवळचा नातलग. दोघांनाही आज खरी बुरशी मानत नाहीत. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. साचलेले पाणी हाच त्यांचा रस्ता.

म्हणून कंदकुजीचा इतिहास पाण्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. कऱ्हाडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकात कृष्णा कालवा निघाला. तेव्हा वाळवे तालुकाही साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. कालव्यामागून उपसा योजना आल्या. बागायत वाढली, समृद्धी आली. पण जिथे निचऱ्याचा विचार मागे पडला, तिथे जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. अशा रानात बेणे कितीही चांगले असो, गड्डा श्वास घेऊ शकत नाही.

उपाय आज ठाऊक आहेत. निरोगी बेणे, पिकाची फेरपालट, ट्रायकोडर्मा आणि सरीऐवजी ठिबकवरचे उंच गादीवाफे. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने या भागातल्या हळदीच्या लागवडीवर दीर्घकाळ काम केले आहे. यांतली कोणतीही गोष्ट साचलेल्या पाण्यात पुरी पडत नाही.

२००५च्या महापुराने हे पेवांनाही शिकवले. हरिपुरात पाणी पेवांत शिरले आणि वर्षानुवर्षे टिकणारी हळद तिथेच नासली. शीतगृहे आणि गोदामे आली, पेवांची परंपरा ओसरली. गड्डा रानात असो वा पेवात, तो माती कुजवत नव्हती. कुजवत होते ते न हटणारे पाणी. नव्या उपसा योजनेचा नकाशा आखताना पाणी कुठून येणार याइतकेच ते कुठून जाणार, हेही त्यावर दिसायला हवे.